वडिलांनी प्रभुभोजन द्यावं का? दीक्षा आणि पाळकपदाबद्दल ल्यूथरन लोक नेमकं काय मानतात?

अक्राणीचा_पोरगा

सगळ्यांना जय ख्रिस्त. मी धडगाव बाजूचा, सध्या नंदुरबारला शिकतो. आमची मंडळी डोंगरात पाड्यावर आहे, थोडीच घरं. पाळकसाहेब शहाद्याहून येतात, त्यांच्याकडे अशा बऱ्याच मंडळ्या आहेत म्हणून महिन्यातला एक रविवार आमच्या वाट्याला येतो आणि पावसाळ्यात घाट बंद पडला की तोही जातो. बाकीचे सगळे रविवार आमचे एक वडील चालवतात (माझे बाबा नव्हेत, मंडळीतल्या ज्येष्ठ सेवकाला आम्ही वडील म्हणतो). शेतकरी माणूस, शाळा सातवीपर्यंत, पण पवित्र शास्त्र त्यांच्याइतकं आमच्यात कोणी वाचलेलं नाही, पावरीत समजावून सांगतात, आजाऱ्याकडे रात्री-बेरात्री जातात, मयत झाली की तेच उभे राहतात. फक्त प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि प्याला) आणि बाप्तिस्मा देत नाहीत, कारण त्यांची दीक्षा, म्हणजे हात ठेवून पाळकपदावर नेमणूक, झालेली नाही.

यंदा पावसाळ्यात आमच्या एक आजी खूप आजारी पडल्या आणि त्यांनी प्रभुभोजन मागितलं. वडील म्हणाले, मी वचन वाचीन, प्रार्थना करीन, पण भाकर आणि प्याला माझ्या हाती सोपवलेला नाही. आजी आता बऱ्या आहेत, पण त्यावरून मंडळीत दोन तट पडलेत. आम्ही तरुण म्हणतो १ पेत्र २:९ मध्ये सगळ्यांनाच राजकीय याजकगण (म्हणजे राजाचे याजक) म्हटलंय मग अडवतं कोण, आणि जुनी माणसं म्हणतात दीक्षा नाही तर भोजन नाही, विषय संपला.

माझ्या होस्टेलला एक मुलगा रांचीकडचा ल्यूथरन आहे, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतल्या चर्चचा. तो म्हणतो सगळे विश्वासी याजक हे मार्टिन ल्यूथरनेच जोरात सांगितलं. पण त्यांच्याकडे तर पाळकाला दीक्षा पण आहे, झगा पण आहे, आणि दीक्षा नसलेला माणूस वेदीपाशी उभा राहत नाही. मग हे दोन्ही एकत्र कसं बसतं? कोणी नीट सांगेल का, मला भांडण नकोय, खरंच समजून घ्यायचंय.

भुसावळ_रेल्वे_क्वार्टर

जय ख्रिस्त भाऊ. आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत गुंटूरहून भुसावळला आले, घराणं ल्यूथरन, म्हणून हे लहानपणापासून कानावर आहे. खानदेशात ल्यूथरन मंडळ्या जवळजवळ नाहीतच, पश्चिमेला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि इकडे भुसावळ-जळगावला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, त्यामुळे इकडच्या लोकांना आमचं हे थोडं अनोळखी वाटतं.

तुझ्या मित्राने सांगितलं ते बरोबर आहे पण अर्धं आहे. ल्यूथरने १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून जे पत्रक लिहिलं त्यात तो म्हणतो की बाप्तिस्म्याच्या पाण्यातून जो बाहेर आला तो याजक, बिशप, पोप सगळं झालाच, वेगळी पवित्र जात अशी नाही. त्या काळात पुरोहितवर्ग म्हणजे वरचा आणि बाकी संसारी लोक खालचे असं पक्कं मानलं जायचं, त्याच्यावर हा घाव होता. पण तिथेच लगेच पुढे तो म्हणतो की याच कारणामुळे कोणी स्वतः होऊन पुढे येऊ नये, कारण जे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांच्या संमतीशिवाय एकट्याने हातात घ्यायचं नसतं. गावाच्या विहिरीवर प्रत्येकाचा हक्क असतो, म्हणून काय कोणी रात्रीतून तिच्यावर आपली मोटर बसवत नाही ना, गावाने ठरवून ज्याला सांगितलं तो पाणी सोडतो. तसंच.

म्हणजे तुम्ही तरुण ज्या वचनावर उभे आहात त्याच वचनातून तुमच्या वडिलांचं वागणं निघतं. ते म्हणाले ना, माझ्या हाती सोपवलेलं नाही. ऑग्सबर्गच्या कबुलीत, म्हणजे ल्यूथरन लोकांनी आपल्या विश्वासाची जी मांडणी १५३० साली सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर वाचली ती, तिच्या १४ व्या कलमात एवढंच आहे की रीतसर पाचारण (त्या कामासाठी बोलावणं) झाल्याशिवाय मंडळीत कोणी जाहीरपणे शिकवू नये आणि संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, देऊ नयेत. एका वाक्याचं कलम आहे. आमच्याकडे सगळी गोष्ट या पाचारणावर उभी आहे, झग्यावर नाही.

तापीकाठ

हे सगळं ठीक आहे ताई पण मला नाही पटत. त्याच १५२० च्या पत्रकात ल्यूथरने उदाहरण दिलंय ते का सोडलं? समजा काही विश्वासी माणसं कैद होऊन रानात नेऊन टाकली, त्यांच्यात बिशपने दीक्षा दिलेला एकही याजक नाही, त्यांनी आपल्यातला एक निवडला, मग तो लग्नाचा असो का बिनलग्नाचा, आणि त्याला सांगितलं तू बाप्तिस्मा दे, भोजन दे, पापक्षमा सांग, उपदेश कर, तर तो माणूस जगातल्या सगळ्या बिशपांनी आणि पोपांनी मिळून दीक्षा दिल्यासारखाच खरा पाळक झाला. आता मला सांगा धडगावचा पाडा पावसाळ्यात त्या रानापेक्षा वेगळा आहे का? घाट बंद, दवाखाना लांब, पाळक नाही. पोरं बरोबर बोलून राहिली. आजी मागतेय आणि आपण नियम दाखवतोय याचं मला मनापासून दुःख होतं. येशूने भाकर घेतली ती माडीवरच्या खोलीत, तिथे कुठली दीक्षेची कागदपत्रं होती.

भुसावळ_रेल्वे_क्वार्टर

दादा ते उदाहरण मला पाठ आहे, आणि मला ते खूप आवडतं, पण त्यात एक शब्द तुम्ही घाईत ओलांडला. त्यांनी निवडला. रानातले लोक एकत्र बसतात, एकमताने एकाला उभं करतात आणि त्याच्यावर काम सोपवतात. कोणी एकटा उठून करत नाही. अक्राणीच्या मंडळीने आजपर्यंत वडिलांना असं उभं केलंय का? हा प्रश्न वडिलांना विचारायचा नाहीये, मंडळीला विचारायचा आहे.

धुळे_जुना_विद्यार्थी

बऱ्याच दिवसांनी असा विषय इथे आला, मनापासून आनंद झाला. मी तरुणपणी सेमिनरीत शिकलो, नंतर शाळेत शिकवलं, आता घरी असतो. मी स्वतः ल्यूथरन नाही पण या विषयावर त्यांच्याइतका कोणी घाम गाळलेला मला माहीत नाही. थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट. ल्यूथरन लोक पाळकपद माणसांनी सोयीसाठी काढलं असं मानत नाहीत. ऑग्सबर्गच्या ५ व्या कलमात आहे की आपल्याला विश्वास मिळावा म्हणून देवाने सुवार्ता सांगण्याचं आणि संस्कार देण्याचं हे सेवापद स्थापलं. पद देवाचं. रोम १० मध्ये पौल विचारतो ना, ऐकल्याशिवाय विश्वास कसा धरतील आणि पाठवल्याशिवाय घोषणा कशी करतील, त्याच्यावर हे उभं आहे. तेव्हा तापीकाठ भाऊ, 'सगळे याजक म्हणून पाळक नको' असं ल्यूथरच्या नावावर कोणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे. तो स्वतः अशा फिरत्या उपदेशकांवर फार चिडायचा जे पाचारण नसताना दुसऱ्याच्या मंडळीत घुसून बोलायचे.

दुसरी गोष्ट, पद देवाचं असलं तरी त्या पदावरचा माणूस काही वेगळ्या मातीचा होत नाही. रोमन कॅथलिक शिकवण अशी होती की दीक्षेने आत्म्यावर कधी न पुसला जाणारा शिक्का बसतो. ल्यूथर म्हणाला असं काही नाही, पाळकाला पदावरून काढलं की तो पुन्हा बाकीच्यांसारखा शेतकरी नाहीतर शहरातला माणूस. पदावर आहे तोपर्यंत मान, कारण तो ख्रिस्ताच्या वतीने बोलतो, लूक १०:१६, जो तुमचं ऐकतो तो माझं ऐकतो. आणि गंमत म्हणजे ८ व्या कलमात हेही आहे की पाळक आतून दुष्ट निघाला तरी त्याने दिलेला संस्कार खोटा होत नाही, कारण ताकद वचनाची असते, देणाऱ्याच्या पवित्रतेची नाही. लोकांना याने केवढा धीर मिळाला असेल, नाहीतर प्रत्येकाने आपल्या पाळकाचं मन तपासत बसायचं.

आता बिशप नाही तर दीक्षा कोण देणार, हा त्या काळी पोटापाण्याइतका खरा प्रश्न झाला होता. जुने बिशप ल्यूथरच्या बाजूच्या माणसांना दीक्षा देईनात आणि मंडळ्या तर पाळकाशिवाय पडलेल्या. १५२५ च्या मे महिन्यात विटेनबर्गला ल्यूथरने गेऑर्ग रोअररला हात ठेवून दीक्षा दिली, बिशपशिवाय. १५३५ पासून विटेनबर्गला नियमाने दीक्षा सुरू झाली. १५३७ साली ल्यूथरचा सहकारी मेलांख्थॉन याने पोपच्या अधिकारावर जो निबंध लिहिला त्यात हे सगळं मांडलंय, की देवाच्या नियमाप्रमाणे बिशप आणि पाळक एकच, फरक माणसांनी केला, त्यामुळे पाळकाने आपल्या मंडळीत दिलेली दीक्षा खरीच दीक्षा आहे आणि बिशप नाकारत असतील तर मंडळ्यांचा हक्क मंडळ्यांपाशीच राहतो. तिथे त्याने प्राचीन चर्चचे शिक्षक ऑगस्टीन यांच्या नावाने एक गोष्ट दिलीय, ती तुमच्या आजींच्या प्रश्नाला फार जवळची वाटते मला. एका जहाजात दोन ख्रिस्ती, त्यातल्या एकाचा बाप्तिस्मा व्हायचा होता. दुसऱ्याने त्याला बाप्तिस्मा दिला आणि मग ज्याचा बाप्तिस्मा झाला त्याने देणाऱ्याला पापक्षमा सांगितली. मेलांख्थॉन म्हणतो गरजेच्या वेळी साधा माणूस दुसऱ्याचा पाळक होतो.

हात ठेवण्याबद्दल पण एक. ल्यूथरन कबुलीत हात ठेवणं तुच्छ मानलेलं नाही. ऑग्सबर्गच्या कबुलीचं जे समर्थन १५३१ साली लिहिलं त्यात तर असं आहे की दीक्षा म्हणजे वचनाची सेवा असं समजत असाल तर तिला संस्कार म्हणायलाही आमची हरकत नाही. पण आधी पाचारण, मग दीक्षा म्हणजे त्या पाचारणाची सगळ्यांसमोर साक्ष, प्रार्थना, हात, आणि पाठवणी. पाचारण नसताना नुसते हात ठेवून कोणी पाळक होत नाही, त्यांच्याकडे मंडळी किंवा काम ठरलेलं नसताना सहसा दीक्षाच देत नाहीत.

तापीकाठ

सर तुमचं वाचून दोन वेळा विचार केला. पाचारणाचा मुद्दा मान्य, मंडळीने निवडलं पाहिजे हे खरं आहे. पण मग मंडळीने निवडलं की झालं ना? रानातल्या लोकांनी कुठे कोणाला पत्र लिहिलं? पाड्याने रविवारी बसून ठराव करावा आणि पुढच्या रविवारी प्रभुभोजन.

धुळे_जुना_विद्यार्थी

याच्यावर ल्यूथरन लोक आपसातसुद्धा एकमत नाहीत भाऊ. १९ व्या शतकात मोठा वाद झाला. अमेरिकेत मिझूरी सिनॉड या ल्यूथरन चर्चचे वाल्थर म्हणायचे किल्ल्या, म्हणजे पापक्षमा सांगण्याचा अधिकार, सगळ्या मंडळीला दिल्यात आणि मंडळी पाचारण करून त्या एकाच्या हाती देते, दीक्षा ही त्याची जाहीर खातरजमा. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १८५२ सालचं. जर्मनीत नॉयंडेटेल्साउचे लोहे म्हणायचे नाही, पद ख्रिस्ताकडून प्रेषितांना आणि तिथून पुढे पाळकांकडून पाळकांकडे येतं, मंडळी ते जन्माला घालत नाही. दोघेही पक्के ल्यूथरन, दोघांनीही कितीतरी ठिकाणच्या कामाला हात लावलेली माणसं मागे ठेवली.

माझं मत विचाराल तर दोघांचं एकत्र घ्यावं. तीताला पौलाने क्रेतात ठेवलं ते गावोगाव वडील नेमायला, तीत १:५, म्हणजे बाहेरून कोणीतरी आलं. आणि प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये निवडलं लोकांनी, हात ठेवले प्रेषितांनी. एकट्या पाड्याने ठराव करून उद्या भोजन सुरू केलं तर शेजारच्या पाड्यावरची मंडळी विचारेल हे कोणाच्या परवानगीने, आणि ख्रिस्ताचं शरीर जिथे एक व्हायचं तिथेच फाटेल. रानातल्या लोकांना पत्र लिहायला कोणी नव्हतं. तुम्हाला शहाद्याला फोन लागतो. गरज आहे पण अगदी ती गरज नाही.

आणि भारतातलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तरंगमबाडीला, तेव्हाचं ट्रँकेबार, १७०६ साली झिगेनबाल्ग आणि प्ल्युटशाऊ आले, ल्यूथरन मिशनरी. तिथे १७३३ च्या डिसेंबरात आरोन नावाच्या तमिळ माणसाला पाळकपदाची दीक्षा मिळाली, आपल्या देशातला पहिला प्रोटेस्टंट देशी पाळक. बिशप नव्हता, मिशनरी पाळकांनीच हात ठेवले. आरोन आधी कितीतरी वर्षं उपदेशक म्हणून गावोगाव फिरत होता, तुमच्या वडिलांसारखाच. पण त्याच मिशनमध्ये राजनायकन नावाचा दुसरा एक उपदेशक होता, आधी सैनिक, तंजावरकडे त्याने जीव ओतून काम केलं, आणि पुढच्या दीक्षेची वेळ आली १७४१ ला तेव्हा त्याला मागे ठेवून दुसऱ्याला घेतलं कारण तो परैयर या अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या जातीचा होता आणि वरच्या जातीचे ख्रिस्ती त्याच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत अशी भीती. ज्या शिकवणीत बाप्तिस्म्याने सगळे याजक, तिथे असं व्हावं याचा मला आजही राग येतो. म्हणून मी म्हणतो, तुमच्या वडिलांना जर फक्त 'आदिवासी आहे, सातवी शिकलेला आहे' म्हणून कोणी थांबवत असेल तर तिथे ठाम उभे राहा.

शिरपूरची_नर्सताई

सगळं वाचलं. मी नर्स आहे, दुर्गम भागात बाळंतपणं केलीत. एकच विचारते, बाळ जाण्याच्या बेतात आहे आणि आई म्हणते बाप्तिस्मा द्या, तर काय करायचं? आमच्याकडे बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत पण माझी एक सहकारी ल्यूथरन घरातली होती, तिने एकदा दिला. आणि बाप्तिस्मा चालतो तर आजींना प्रभुभोजन का नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

भुसावळ_रेल्वे_क्वार्टर

ताई तुमच्या सहकारीने बरोबर केलं, आमच्यात अशा वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, बाई असो पुरुष असो, पाणी आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. सुइणींनी असे बाप्तिस्मे द्यायची रीत ल्यूथरच्याही आधीपासूनची, आणि ती त्याने ठेवली. नंतर मंडळीत सांगायचं, पाळक नोंद करतो, पुन्हा बाप्तिस्मा होत नाही.

भोजनाचं वेगळं का, तर ल्यूथरला एका पाळकाने विचारलं होतं की घरधन्याने आपल्या घरच्यांना घरीच प्रभुभोजन द्यावं का, त्याने नको म्हणून सांगितलं, कारण त्याला तसं पाचारण नाही, आणि हे भोजन मंडळीची जाहीर कबुली आहे, आणि ते मिळालं नाही म्हणून कोणी तारणाला मुकत नाही, वचनाने विश्वास धरला तर पुरे. मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि धडगावच्या भावाने हे आजींना जाऊन सांगावं. वडिलांनी त्या रात्री वचन वाचलं आणि प्रार्थना केली म्हणजे आजींना कमी प्रतीचं काहीतरी दिलं असं नाही. त्यांनी जर म्हटलं असेल की येशूने तुझ्या पापांची क्षमा केलीय तर ती क्षमा पूर्ण आहे, तीच जी भाकरीबरोबर मिळते. पापक्षमा सांगायला गरजेच्या वेळी कुठलाही ख्रिस्ती चालतो, वर जहाजाची गोष्ट आलीच आहे.

बायकांच्या दीक्षेचं कोणी विचारायच्या आधी सांगते, ल्यूथरन चर्चेसमध्ये दोन्ही आहे, डेन्मार्कमध्ये १९४८ पासून बायका पाळक आहेत आणि मिझूरी सिनॉड अजून देत नाही. तो वेगळा धागा होईल, इथे नको.

अक्राणीचा_पोरगा

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मी वडिलांना फोन केला आणि वाचून दाखवलं, रानातल्या कैद्यांचं पण आणि राजनायकनचं पण. राजनायकनचं ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले मला कोणी अडवलेलं नाही बेटा, कोणी विचारलेलंच नाही. आजींना त्या रात्री १ योहान १ वाचलं होतं आणि क्षमा झालीय असं सांगितलं होतं म्हणे.

आता एक शंका. डिग्री नसेल तर दीक्षा देतात का? आमच्या मंडळात, म्हणजे सगळ्या मंडळ्या ज्या संस्थेखाली आहेत तिथे, म्हणतात आधी बायबल कॉलेज. वडील पन्नाशीच्या पुढचे, शेत सोडून कसे जातील.

धुळे_जुना_विद्यार्थी

तुमच्या मंडळाची घटना काय म्हणते ते आधी बघा, प्रत्येकाची वेगळी असते. पण कबुलीत डिग्री कुठेच नाही. तपासणी मात्र आहे आणि असायलाच हवी, विटेनबर्गला पण दीक्षेआधी परीक्षा घ्यायचे, शिकवण नीट आहे का, वागणूक कशी. १ तीमथ्य ५:२२, हात ठेवण्याची घाई करू नकोस. तेव्हा तपासणी नको असं म्हणू नका, उलट मागून घ्या. पाळकसाहेबांना म्हणा दर महिन्याला येता तेव्हा दोन तास वडिलांबरोबर बसा, शिकवा, पारखा, शुष्क ऋतूत थोडे दिवस शहाद्याला बोलवा, आणि मग त्यांना निदान त्या एका मंडळीपुरता भोजनाचा आणि बाप्तिस्म्याचा अधिकार द्या, सगळ्यांसमोर, हात ठेवून. आरोनला पण शिकवूनच दीक्षा दिली होती, कॉलेजात पाठवून नाही.

तापीकाठ

हाई बात खरी शे सर. आणि भाऊ, अर्ज मंडळीच्या नावाने कर, तरुण मंडळाच्या नावाने नको, जुन्या माणसांच्या सह्या सगळ्यात वर घे. तेच लोक वडिलांना रोज बघतात, त्यांच्या तोंडून गेलं पाहिजे की आम्हाला हा माणूस हवाय. मी पण आधी जरा गरम बोललो कारण आजींचं वाचून पोटात कालवलं होतं, राग मनात धरू नका. अर्ज मराठीत नीट लिहून हवा असेल तर इथेच मसुदा टाक, आम्ही बघतो.

अक्राणीचा_पोरगा

टाकतो दादा. रविवारी पाड्यावर जातोय, आधी जुन्या माणसांशी बोलतो. आजी म्हणतात पहिली सही माझी, अंगठाच आहे पण पहिला माझा.

भुसावळ_रेल्वे_क्वार्टर

अर्जात एक ओळ न विसरता घाल की दीक्षा झाली तर पाळकसाहेबांचं येणं बंद होऊ नये. मंडळं असं करतात, पाड्यावर माणूस मिळाला की तिकडची फेरी बंद. वडिलांनाही कोणीतरी वचन सांगणारा आणि भोजन देणारा लागेलच ना, ते स्वतः कोणाकडे जाणार?